अमेरिकी सैन्यातील नोकरी आणि शैक्षणिक कर्ज: सर्व्हिसरच्या सेवेचे परीक्षण

माझे पती अमेरिकी लष्करात आहेत आणि त्यांच्या पदवीसाठी घेतलेले संघीय शैक्षणिक कर्ज अजून फिटायचे आहे. ते तैनातीवर असतात तेव्हा मुखत्यारपत्राच्या आधारे सर्व्हिसरशी, म्हणजे हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीशी, मीच व्यवहार करते. हा सर्व्हिसर सरकार नेमून देते, आपण निवडत नाही. त्यामुळे पदरी पडलेल्या या सेवेतून काय पदरात पाडून घेता येते, एवढेच येथे तपासले आहे.

आधी श्रेय द्यायला हवे. सैन्यात रुजू होण्यापूर्वी घेतलेल्या कर्जावर सक्रिय सेवेच्या काळात सहा टक्क्यांहून अधिक व्याज लावता येत नाही, आणि वरचे व्याज पुढे ढकलले न जाता माफच होते. संघीय कर्जाचे सर्व्हिसर संरक्षण खात्याच्या नोंदी स्वतः तपासून ही सवलत लावतात, आणि आमच्या खात्यावर ती अर्ज न करता लागली. मात्र समाधान मानून तेथेच थांबणे महागात पडते. १ ऑक्टोबर २००८ रोजी किंवा त्यानंतर वितरित झालेल्या डायरेक्ट कर्जांवर, म्हणजे संघीय सरकार स्वतः थेट देते त्या कर्जांवर, सैनिकाला धोक्याच्या प्रदेशातील विशेष वेतन मिळत असेल त्या काळात, एकूण ६० महिन्यांपर्यंत व्याजच आकारले जात नाही. चाळीस हजार डॉलरच्या कर्जावर ६.८ टक्क्यांनी वर्षाला २,७२० डॉलर व्याज होते. सहा टक्क्यांच्या मर्यादेने त्यातले ३२० वाचतात, शून्य व्याजाने सगळेच. ही दुसरी सवलत फोनवर कोणीही आपणहून सांगितली नाही. पगारपत्रकातील ज्या ओळीत हे विशेष वेतन दिसते, ते पान जोडून मागणी केल्यावर विवरणात ०.०० टक्के दर उमटला.

फोनसेवेला मी पाचपैकी दीड तारा देईन. माणसे सौजन्याने बोलतात, पण 'पती तैनातीवर आहेत' असे म्हणताच फोरबेअरन्स सुचवतात, म्हणजे हप्ते थांबतात आणि व्याज चढत राहते. उत्पन्नावर आधारित हप्त्याची योजना सहसा याहून फायद्याची ठरते, कारण घरभाड्याचा आणि जेवणाचा भत्ता करपात्र उत्पन्नात धरला जात नाही व हप्ता बराच खाली येतो. शिवाय असे हप्ते सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीसाठी लागणाऱ्या १२० हप्त्यांत मोजले जातात (सार्वजनिक सेवेत राहून तेवढे हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ होते), आणि सैन्यातील पूर्णवेळ नोकरी या माफीस पात्र आहे. तरीही अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये दाखवून दिले की संरक्षण खात्यातील २८७ जणांना माफी मिळाली होती आणि ५,१८० जणांचे अर्ज फेटाळले गेले होते. आमचा अनुभव पाहता मला या आकड्यांचे नवल वाटले नाही.

स्टुडंटएड या सरकारी संकेतस्थळावरील कर्जमाफीचे साधन मात्र चांगले आहे. डब्ल्यू-टूवरील, म्हणजे नियोक्ता दरवर्षी देतो त्या पगार-कराच्या विवरणावरील, नियोक्ता क्रमांक टाकला की नोकरी पात्र आहे की नाही ते कळते आणि अर्ज तयार होतो. अडचण येते ती नोकरी प्रमाणित करणाऱ्या सहीची: तुकडीतून ती कोणी करायची, हे तेथे कोणालाच ठामपणे ठाऊक नसते. बदली होण्यापूर्वीच प्रमाणपत्र करून घेतलेले बरे, नंतर जुन्या कार्यालयाचा माग काढणे जिकिरीचे होते.

खासगी कर्ज असलेल्यांनी आपोआप काही होईल या भरवशावर राहू नये. तेथे सहा टक्क्यांच्या मर्यादेसाठी आदेशपत्राच्या प्रतीसह लेखी मागणी करावी लागते आणि ती सेवा संपल्यानंतर १८० दिवसांपर्यंत करता येते. सेवेत असताना जुने कर्ज फेडून स्वस्त दराचे नवे घेण्याच्या जाहिराती भुरळ घालतात; पण नवे कर्ज सेवेपूर्वीचे ठरत नाही आणि संघीय कर्ज खासगी केले तर माफीचा मार्गही बंद होतो. सही करण्यापूर्वी तळावरील लष्करी विधी साहाय्य कार्यालयात कागद दाखवावेत. तेथील वकील मोफत असतात, आणि आमच्या तळावरच्या वकिलांनी लिहून दिलेल्या पत्राला सर्व्हिसरकडून फोनपेक्षा पुष्कळ लवकर उत्तर आले.