श्वसन पॅनलचं पीसीआर मशीन: एक पावसाळा, एक हिवाळा

काल आमच्या लॅबमधल्या या मशीनच्या सर्व्हिसवाल्याशी कडाक्याचं वाजलं, म्हणून लिहायला बसले. चाचणी निम्म्यावर असताना लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, कार्ट्रिज (एका नमुन्यासाठी एकदाच वापरायची डबी) वाया. कंपनी म्हणते, यूपीएस तुमचा, तेव्हा भुर्दंडही तुमचा. एवढ्या पैशांत जंतू वाढवायला लागणाऱ्या माझ्या ब्लड अगारच्या ढिगानं प्लेटा आल्या असत्या. पेशंटकडून दुसऱ्यांदा पैसे मागता येत नाहीत ते वेगळंच.

मशीन काय करतं ते लॅबवाल्यांना सांगायला नको. नाकातला स्वॅब टाकला की पीसीआरने, म्हणजे जंतूंचं जनुकीय द्रव्य शोधून, तासाभरात वीसेक जंतूंच्या यादीचा (हेच पॅनल) निकाल हातात. वेगाबद्दल तक्रार नाहीच.

माझं डोकं फिरतं ते एका ओळीने: 'ऱ्हायनो/एन्टेरोव्हायरस – डिटेक्टेड'. ऱ्हायनो हा सर्दीचा विषाणू, एन्टेरो त्याचा भाऊबंद; दोघांचा जनुकीय आराखडा इतका जवळचा, की बरीच पॅनल्स त्यांना वेगळं काढतच नाहीत. पावसाळाभर सगळ्यात जास्त वेळा हीच ओळ छापली. बरं, ऱ्हायनोचा आरएनए (जनुकीय द्रव्य) सर्दी गेल्यावरही कित्येक आठवडे मुलांच्या नाकात सापडतो. मग आजचा ताप त्याचाच, हे सही करून कसं सांगू? हजारो रुपये मोजलेला बाप काउंटरवर विचारतो, "मॅडम, म्हणजे साधी सर्दीच ना?" बहुतेक वेळा हो, साधी सर्दीच.

उलट पॅनल निगेटिव्ह आलं की वॉर्डातून फोन: अँटिबायोटिक थांबवू? अहो, न्युमोनियाचा नेहमीचा जीवाणू न्युमोकॉकस या यादीत नाहीच! धडधाकट मुलांच्या घशा-नाकातही तो वस्तीला असतो, त्यामुळे तिथल्या स्वॅबमध्ये सापडून उपयोग नसतो. न्युमोनियाची शंका असेल तर नीट खोकून काढलेला बेडका द्या, औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवा. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली, जोडीने बसलेले जांभळे कोकाय (गोल जीवाणू) दिसले तर तेवढ्या वीस मिनिटांच्या कामाला मी आजही जास्त किंमत देते. थुंकी पाठवाल तर मात्र नमुना परत येईल.

एवढं लिहून विकत घेऊ नका म्हणणार होते. पण हिवाळ्यात शाळकरी मुलांच्या कोरड्या खोकल्याने मत थोडं हललं. अमॉक्सिसिलिन झालं, सेफिक्झिम झालं, ताप हटेना. पॅनलवर मायकोप्लाझ्मा हा जीवाणू. त्याला पेशीभित्तिकाच नाही, तर भित्तिकेवर मारा करणारी ही औषधं लागू पडणार कशी? आमच्या कल्चरवर तो उगवत नाही, खास माध्यमावरही आठवडे घेतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी अझिथ्रोमायसिन दिलं. फ्लूचंही तसंच: ओसेल्टामिविरचा खरा फायदा पहिल्या 48 तासांत, तेव्हा तासाभराचा रिपोर्ट तिथे कामाला येतो.

जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्यांनी नुसतं नाक वाहणारेही टेस्ट मागायला आले. 2001 साली नेदरलँड्समध्ये सापडलेला विषाणू, आणि त्याच्यावर वेगळं औषध नाही. बऱ्याच जणांना परत पाठवलं. मशीनचा हप्ता सुटला असता, हेही खरं.

जवळ मुलांचं आयसीयू असेल तर घ्या. एरवी कार्ट्रिज पडून पडून एक्सपायर होतात आणि कंपनी परत घेत नाही. ओपीडीचे नमुने व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात), बर्फात घालून मोठ्या लॅबला पाठवा. रिपोर्ट उद्या आला तरी त्या खोकल्याचं काही अडत नाही.