टायगर्स विकत घेणारा पिझ्झा: लिटल सीझर्सचा हॉट-एन-रेडी

डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे लागोपाठचे दोन मालक पिझ्झावाले. १९८३ मध्ये डॉमिनोजच्या टॉम मोनाहन यांनी संघ घेतला, १९९२ मध्ये त्यांच्याकडून लिटल सीझर्स या अमेरिकी पिझ्झा साखळीच्या माइक इलिच यांनी. डॉमिनोजने पैसा केला पिझ्झा घरी पोचवून, तर लिटल सीझर्सची भिस्त आपल्या पायाने दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकावर. हॉट-एन-रेडी चाखताना हा हिशेब ध्यानात असू द्या.

हा १४ इंची, आठ तुकड्यांचा पिझ्झा आधीच भाजून गरम कपाटात ठेवलेला असतो. पैसे द्या, खोकं उचला, चालू लागा. टेबल-खुर्च्या नाहीत, मेनू आखूड, म्हणून तर पाच डॉलरचा भाव वर्षानुवर्षं टिकला. २०२२ मध्ये तो ५.५५ झाला. कणीक दुकानातच मळतात, चीज मोझरेला आणि म्युन्स्टरचं मिश्रण. चव साधी, पण या भावात तक्रारीला जागा नाही.

गोची होते ती कपाटात. पिझ्झा तिथे फार वेळ राहिला की कड चामट होते. पुढे खोक्यात वाफ कोंडून बूड ओलं पडतं. म्हणून संध्याकाळी जेवणाच्या गर्दीत जावं, तेव्हा माल पटापट उठतो. भर दुपारी गेलात तर ताजा भाजायला सांगा आणि थोडं थांबा. गाडीत खोक्याचं झाकण बोटभर उघडं ठेवा. उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये नको: मंद आचेवर तवा, कडेला पाण्याचे चार थेंब, वर झाकण, तीन-चार मिनिटं.

इलिच स्वतः टायगर्सच्या कनिष्ठ संघांतून खेळलेले; गुडघ्याने दगा दिला. १९५९ मध्ये पत्नी मेरियनसह त्यांनी मिशिगनमधल्या गार्डन सिटीत पहिलं दुकान टाकलं. पुढे फ्रँचायझी वाढल्या, आणि दुकानांना माल पुरवणारी ब्लू लाइन ही कंपनीही घरचीच. म्हणजे फ्रँचायझीवाल्याकडून रॉयल्टी येते ती वेगळी, मालाचे पैसे वेगळे. खरी मेख इथे आहे.

दोन-चार डॉलर जास्त मोजायची तयारी असेल तर डेट्रॉइट पद्धतीचा डीप डिश, म्हणजे खोल तव्यातला जाड पिझ्झा, घ्या. तो दोन छोट्या चौकोनी तव्यांत भाजतात, प्रत्येकाचे चार तुकडे, त्यामुळे आठही तुकडे कोपऱ्याचे. तव्याच्या भिंतीला लागून करपलेल्या चीजची कुरकुरीत किनार प्रत्येकाच्या वाट्याला येते, भांडण नाही.

सोबत क्रेझी ब्रेड, लसूण-लोण्याचा. त्यावर पार्मेजान भुरभुरलेलं असतं. या चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य) असतं, तेव्हा काटेकोर शाकाहारींनी ते न घालता मागावं. पिझ्झा कापायचं चाकही पेपरोनीवर (मांसाच्या चकत्यांवर) फिरलेलं असू शकतं, तेही आधीच सांगून ठेवावं.