उंदराच्या थेंबभर रक्ताचीही कदर करणारी लॅब

शिगा टॉक्सिन आणि एलपीएस ही जिवाणूंची विषं दिलेल्या उंदरांचे नमुने मी लातुरात औसा रोडच्या या लॅबला देते. २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून रक्त दीड-दोन मिली, थेंब सांडला की संपलं. इथल्या ताई ते जाणतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) एन्झाइम पद्धतीनंच करतात, हे फार मोलाचं. जाफे या जुन्या, रंगावरून मोजायच्या पद्धतीत उंदराचा आकडा उगाच फुगतो. प्लेटलेट मोजण्याआधी ट्यूब हलकेच तिरपी करून गुठळी बघतात. स्मिअरवरच्या, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातल्या, तुटक्या तांबड्या पेशी तर त्यांनी मला स्वतःहून बोलावून दाखवल्या, किती बरं वाटलं! रिपोर्टला उशीर होतो, उन्हाळ्यात लाइट गेली की जास्तच. तरी नमुने इथंच द्या. सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळं होणारं पाणी) मात्र बर्फात न्या.