पेट्राचं इंजिन, पॅलिओचं बॉनेट आणि रोजचा एक थेंब : आठ महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीने पार्किंगला नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि दोनच महिन्यांत पेट्राचं जुनं इंजिन बसवलेल्या माझ्या फियाट पॅलिओने त्यावर रोज सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग पाडायला सुरुवात केली. सेक्रेटरी साहेब ग्रुपवर फोटो टाकायचे, खाली नुसता नमस्कार. इंजिन कसं चाललंय ते पुढे सांगतो. माझे आठ महिने मुख्यतः या थेंबात गेलेत.

गाडी 2003 ची पॅलिओ 1.6 जीटीएक्स. ज्यांनी चालवलीय त्यांना 100 बीएचपीचं कौतुक सांगायला नको. कसारा घाट चढताना टायमिंग बेल्ट तुटला, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळले, सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह वाकले, दोन पिस्टनवर चंद्रकोरी उमटल्या. बेल्ट बदलायला झालाय हे मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर बघू, असं दोन दिवाळ्या चाललं होतं.

जुनंच इंजिन उघडून बांधायचा हिशेब 90 हजारांवर गेला, तोही पिस्टन मिळाले तर. जो तो म्हणे, फियाटचं 1.3 मल्टिजेट डिझेल टाक. खरंय, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत तेच इंजिन, भंगारात ढिगाने पडलंय. पण पेट्रोलची गाडी डिझेल करायची म्हणजे आरसी बुकाचा वेगळा ताप, आणि डिझेलच चालवायचं तर जीटीएक्स ठेवायची कशाला? पॅलिओचंच लहान 1.2 फायर पेट्रोल इंजिन टाकायचं तरी तोच प्रश्न. फियाट लिनियाचं 114 पीएसचं टी-जेट टर्बो पेट्रोल दोन रात्री डोक्यात घोळलं. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) धरून आकडा काढला आणि झोप लागली.

आमच्या नाशिकच्या अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 मध्ये हटवला, तेव्हापासून असलं काही शोधायचं तर दहा ठिकाणी फोन. मुंबईतल्या एका दुकानात 1.6 मिळालं, 45 हजार. इंजिन नंबरची जागा बघितली तर ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेली. "नंबर कोण बघतो शेठ?" आरटीओ बघतो, म्हणून परत आलो. इंजिन बदललं की 14 दिवसांत कळवायचं असतं, आणि नंबरच नसेल तर कळवणार काय?

शेवटी पिंपळगाव बसवंतला एका काकांच्या शेडमध्ये पेट्रा 1.6 सापडली, म्हणजे पॅलिओचीच डिकीवाली बहीण. तेच 1596 सीसी, तेच सोळा व्हॉल्व्ह, 78 हजार किलोमीटर, पहिलाच मालक, आरसी हातात. मला फक्त इंजिन हवं होतं. काका म्हणाले, "नुस्तं इंजिन नाही देणार. अख्खी न्या, मला क्रेट ठेवायला जागा पाहिजे." एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कांद्याच्या सालीचं घरटं केलेलं, इंजेक्टरची वायर कुरतडलेली. बॅटरी जोडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं : 170, 165, 170, 160 पीएसआय, म्हणजे धडधाकट. तिथेच 32 हजारांना सौदा केला. सांगाडा आणि सुटे भाग विकून 11 हजार परत आले. म्हणजे इंजिन पडलं 21 हजारांना, कागदांसकट.

बसवायला काही त्रास झाला नाही. माउंटिंग जसेच्या तसे, वायरिंग माझंच. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप नवे टाकले. तेवढी अक्कल कसाऱ्याने दिली होती. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी फ्युएलचे पाइपही बदलले. गिअरबॉक्स माझाच ठेवला, त्याला काय धाड भरली होती?

पहिले चार महिने मी हे इंजिन पाचात दोन स्टारचं धरलं होतं. फक्त थेंबामुळे. मिस्त्री म्हणे, "जुनं इंजिन आहे साहेब, घाम येणारच." मी गाडीखाली मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवायला लागलो. दर रविवारी डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. गंमत म्हणजे पातळी हलायची नाही. रोज गळतंय आणि कमी होत नाहीये, म्हणून मी डिपस्टिकलाच खोटं ठरवलं. इंजिनच्या क्रँकचं मागचं सील गेलंय असं गृहीत धरून पिंपळगावच्या काकांनाही मनातल्या मनात चार शब्द ऐकवले.

पाचव्या महिन्यात बायको पुठ्ठा उचलून म्हणाली, "इंजिनचं तेल काळं नसतं का रे? हे तर मधासारखं आहे. आणि सडक्या लसणासारखा वास येतोय."

गिअर ऑइल. बॉक्सला नवं भरलेलं होतं म्हणून सोनेरी. सहाशे मिली कमी निघालं. गळत होतं इनपुट शाफ्टच्या सीलमधून, तिथून बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या डब्याच्या, बुडाशी. म्हणजे पेट्राच्या इंजिनाचा काडीचा संबंध नाही; गळत होता माझा स्वतःचा, बावीस वर्षांचा गिअरबॉक्स. आणि बॉक्स बाहेर टेबलावर होता तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "हे सील टाकून घ्या आत्ताच, 180 रुपये." मी म्हणालो होतो, "चालतंय तर राहू दे." त्या 180 रुपयांसाठी बॉक्स पुन्हा उतरवला. मजुरी साडेचार हजार, वर तेलात भिजलेली क्लच प्लेट वेगळी. मिस्त्री बिल देताना हसला नाही, हे त्याचे उपकार.

तर रेटिंग बदलतो, साडेचार. गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये नऊचं अॅव्हरेज, हायवेला तेरा. त्याची तक्रार करणाऱ्याने ही गाडी घेऊच नये. वणीच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या पुढे जो आवाज येतो, तो पूर्वीच्या इंजिनचा कधी आला नव्हता. काकांनी हिला जन्मभर बाजार समितीपर्यंतच नेली असणार. अर्धा स्टार कापला तो थंडीत सकाळी पहिला अर्धा मिनिट आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनचे फेरे) वरखाली होतं म्हणून. थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, फरक नाही.

पेट्राची डिकी आणि मागचा डावा दरवाजा अजून गच्चीवर आहे. डिकी 800, दरवाजा दीड हजार. नाशिकमध्ये कोणाला हवं असेल तर स्वतः उतरवून न्यायचं, आमची लिफ्ट लहान आहे.