आंदोलन पेटलंय, संभाजीनगरला जावं का थांबावं? एसटी, रेल्वे, स्वतःची गाडी, सगळं समोरासमोर

पोरीची परीक्षा असते, घाटीत म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्याची तारीख असते, हायकोर्टाच्या खंडपीठात केस लागलेली असते, नसता मामाच्या घरचं लग्न असतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात आंदोलन पेटतं. मग घरातले सगळे एकमेकाला विचारायलेत, जावं का थांबावं. टीव्हीवर एकच जळती बस सकाळपासून फिरवून फिरवून दाखवायलेत त्यामुळं आई म्हणते उंबरा ओलांडू नको, पोरगं म्हणतं काही होत नाही गं, आणि दोघांचंही अर्धंच खरं असतं. लातूर, बीड, धाराशिव, परभणी, नांदेडकडून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यासाठी लिहितोय, पुण्या-मुंबईहून येणाराचं गणित वेगळं.

माझं मत आधीच सांगतो. आपण फोन लावून विचारतो "शहर शांत आहे का", आणि विचारायला पाहिजे "रस्ता चालू आहे का". कारण शहरात गडबड असली तरी तिला एक ठिकाण असतं, रस्त्यावरच्या आंदोलनाला नसतं, ते सकाळी गेवराईत, दुपारी पाचोडला आणि संध्याकाळी तुमच्याच गावच्या फाट्यावर.

शहरातला दंगा आणि रस्त्यावरचं आंदोलन हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांना एकाच मापानं मोजू नका.

शहरातलं बघा. मार्च २०२३ ला रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात राडा झाला, पोलिसांच्या गाड्या जाळल्या. त्याच्या आधी मे २०१८ ला शहागंज, राजाबाजार भागात दंगल, दोन जीव गेले, दुकानं जळाली, इंटरनेट बंद. वाईटच होतं, पण ते जुन्या शहरातल्या काही गल्ल्यांमधलं होतं. ज्याचं काम सिडकोत, गारखेड्यात, बीड बायपासला आहे त्यानं जुन्या शहरात पाय न ठेवता काम उरकून यायला अशा वेळी सहसा जमतं. अडचण कोणाची, तर घाटीत जाणाऱ्याची, कारण घाटी जुन्या शहराला लागूनच आहे.

आता रस्त्यावरचं. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला. हे गाव वडीगोद्रीजवळ, म्हणजे धुळे-सोलापूर हायवेच्या शेजारी, म्हणजे बीडहून संभाजीनगरला जाणारी जवळपास प्रत्येक गाडी तिथूनच जाते. त्या रात्री हायवेवर बसेस जळाल्या. मग ३० ऑक्टोबरला बीड पेटलं, आमदारांची घरं जाळली, संचारबंदी लागली, नेट बंद, एसटीचे डेपो बंद. फेब्रुवारी २०२४ ला तीर्थपुरीत बस जाळली आणि अंबड तालुक्यात संचारबंदी. यातलं एकही संभाजीनगर शहरात झालेलं नाही, पण इकडच्या माणसाला शहर गाठणं त्यामुळंच अवघड झालं. २०१८ च्या जुलैत कायगाव टोक्याला आंदोलनातल्या एका तरुणानं पुलावरून गोदावरीत उडी मारून जीव दिला, त्यानंतर पुणे रोडचंही तेच, आणि ९ ऑगस्टच्या बंदला वाळूज एमआयडीसीतल्या कंपन्या फोडल्या, म्हणजे शहराच्या बाहेरच.

तिसरा एक प्रकार, परभणीसारखा. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनसमोर संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं. आंदोलनाची तारीख निदान चार दिवस आधी कळते, हे काहीच सांगून येत नाही, त्यामुळं यात डोकं लावत बसू नका. असं काही घडलं की पुढचे दोन दिवस घरी थांबा, मग बघा.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा, कारण अर्धा निर्णय गोदावरी करते. बीड, लातूर, धाराशिवचा माणूस नदीच्या दक्षिणेला, संभाजीनगर उत्तरेला, म्हणजे कुठंतरी पूल ओलांडावाच लागतो, आणि सोयीचे पूल किती, तर हायवेवर शहागड, बाजूला पैठण, आणि नगरकडून आलं तर कायगाव टोका. आंदोलन करणाऱ्यांनाही हे माहितीय. शहागडचा पूल अडवला की बीडकडची सगळी वाहतूक एका जागी थांबते. याउलट नांदेड, परभणी शहर आणि जालना हे नदीच्या उत्तरेलाच आहेत, त्यांना पुलाची भीती नाही, वर रेल्वेही आहे. म्हणून नांदेडवाला "मी तर जाऊन आलो की" म्हणाला तर लातूरवाल्यानं त्याच्या भरवशावर निघू नये.

निघायचंच ठरलं तर कशानं, इथं खरी तुलना.

एसटी. सगळ्यात आधी बंद पडते ती एसटी, कारण लालपरी सरकारची म्हणून दगड पहिला तिलाच बसतो, डेपो मॅनेजर काय करणार, पोलिसांचा निरोप आला की गाड्या आत घेऊन उभ्या करतो. पण माझ्या मते हाच एसटीचा मोठा फायदा आहे. एसटी चालू आहे म्हणजे कुणीतरी रस्त्याची जबाबदारी घेतलीय, आणि एसटी थांबली म्हणजे आपणही थांबायचं, इतका सरळ इशारा दुसरा कोणी देत नाही. शिवाय बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, आणि फेरी रद्द झाली तर रिझर्व्हेशनचे पैसे परत. वाईट बाजू ही की गाडी मधेच एखाद्या डेपोत आत घेतली तर तुम्ही तिथं, ना घर ना घाट, आणि पुढच्या गाडीचं कोणी काही सांगत नाही. लेकरं बरोबर असतील तर हा विचार नक्की करा.

रेल्वे. परभणी, नांदेड, जालना, सेलूवाल्यांनी डोळे झाकून रेल्वे धरावी. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, मराठवाडा एक्स्प्रेस, आणि आता नांदेडहून वंदे भारतसुद्धा, दिवसभरात काही ना काही आहेच. रेल रोको होत नाही असं नाही, होतो, पण गाडी बहुतेक वेळा स्टेशनात नाहीतर स्टेशनाजवळ थांबवून ठेवतात, तिथं पाणी असतं, उजेड असतो, पोलीस असतात. हायवेवर उन्हात ट्रकच्या रांगेत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. पैशाचंही बघा, गाडी रेल्वेनंच रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप येतात, आणि तीन तासांपेक्षा जास्त लेट झाली आणि तुम्हाला जायचंच नसेल तर गाडी तुमच्या स्टेशनातून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, टाकला की तेही परत. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर मात्र खिडकीवरच जावं लागतं. आणखी एक, सिडको किंवा चिकलठाण्याकडं काम असेल तर मुकुंदवाडीला थांबणारी गाडी बघा, मेन स्टेशनला उतरून क्रांती चौकातून उलटं यायची गरज नाही, कारण मोर्चा म्हणलं की तो क्रांती चौकातच.

लातूरवाल्यांचं रेल्वेनं जमतं पण लातूर रोड, परळी, परभणी असा मोठा वळसा आहे, पूर्ण दिवस जातो. आणि बीडवाल्यांनी रेल्वेचं नावच काढू नये, सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली खरी, पण ती अहिल्यानगरकडं जाते, संभाजीनगरसाठी तिचा उपयोग शून्य. किती वर्षं वाट बघितली त्या गाडीची, आणि आली तर तोंड भलतीकडं.

स्वतःची गाडी. सगळ्यांना हीच आवडते, आपली गाडी आपलं राज्य. मला अशा दिवसात ती सगळ्यात कमी पटते, पण एका गोष्टीत तिला तोड नाही, मागं फिरता येतं. एसटीत बसलेला ड्रायव्हरच्या मर्जीवर, तुम्ही गेवराईच्या अलीकडंच चहाच्या टपरीवर विचारून गाडी वळवू शकता, पैठणचा रस्ता धरू शकता. निघायचं तर पहाटे चारला निघा, रास्ता रोको शक्यतो दहा-अकराच्या पुढं सुरू होतो, तोवर पूल ओलांडून झालं पाहिजे. काचेवर कोण्या पक्षाचं, कोण्या आमदाराचं स्टिकर असेल तर काढून टाका, २०२३ ला गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे बोर्ड लागले होते, तुम्ही पुढारी नाही हे जमावाला समजावून सांगत बसायला वेळ नसतो. आणि इन्शुरन्स कोणता आहे ते आधी काढून बघा, फुल इन्शुरन्समध्ये दंगलीत झालेलं नुकसान धरतात, नुसतं थर्ड पार्टी असेल तर काच तुमची आणि खर्चही तुमचाच.

जालन्याकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा पर्याय आहे. दोन्ही बाजूनं कुंपण, मधे गाव नाही, चौक नाही, म्हणून तिथं गाड्या अडवणं अवघड. पण समृद्धीवर चढायला आणि उतरायला साध्याच रस्त्यानं जावं लागतं, टू-व्हीलर चालत नाही, आणि पंप लांब लांब आहेत म्हणून टाकी भरून घ्या.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात, नको. रस्ता मोकळा असतो हे खरं, पण अंधारात कोणी दगड मारला तर मारणारा दिसत नाही आणि मदतही दिसत नाही. विमानाचं कोणी विचारत असेल तर बाबा, बीडहून चिकलठाण्याला विमान नाही.

आता काम कोणतं त्यावर. हॉस्पिटलचं असेल तर नुसती फॉलोअपची तारीख आहे का उपचार मधेच तुटणार आहे हे डॉक्टरला फोन करून विचारा. फॉलोअप आठवडाभर पुढं गेला तर बहुतेक वेळा चालतं, पण डॉक्टरच्या तोंडून ऐका, शेजाऱ्याच्या नको. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये शेक (रेडिएशन) चालू असेल, डायलिसिस असेल, तर थांबायचा प्रश्नच नाही, उलट दोन दिवस आधी जाऊन तिथंच राहा. आणि तातडीचं असेल तर संभाजीनगरचा हट्ट कशाला, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लातूरला, नांदेडला मेडिकल कॉलेज आहे, नदी न ओलांडता पोचता येईल तिथं जा. ॲम्ब्युलन्सला आंदोलक वाट देतात, मोठमोठ्या मोर्चांमध्ये गर्दी फाटून वाट झालेली सगळ्यांनी बघितलीय, म्हणून पेशंट खरंच गंभीर असेल तर खासगी गाडी न करता १०८ ला फोन लावा.

परीक्षा असेल तर उलटं गणित. तुमच्या तालुक्यातला रस्ता बंद म्हणून आयोग पेपर पुढं ढकलत नाही, आणि वर्षाची मेहनत असते, म्हणून जायचंच, पण आदल्या दिवशी. हॉल तिकिटाची झेरॉक्स वरच्या खिशात ठेवा, बंदोबस्तातला पोलीस ते बघून बहुतेक वेळा सोडतो. कोर्टाचं असेल तर वकिलाला फोन, तो मुदत मागून घेईल, तुम्ही स्वतः हजर राहणं गरजेचं आहे का तेवढं त्याला स्पष्ट विचारा. लग्न असेल तर घरातले दोघं रेल्वेनं जाऊ द्या, पूर्ण वऱ्हाड क्रूझर भरून नेऊ नका. खरेदी, देवदर्शन, वेरूळ-अजिंठा, हे सगळं पुढच्या महिन्यात.

बातम्या वाचताना एक लक्षात ठेवा. "जमावबंदी लागू" असं दिसलं की लोक तिकिटं कॅन्सल करायलेत, पण जमावबंदीत पाच किंवा जास्त जणांनी जमायचं नसतं, प्रवासाला बंदी नसते, सणावाराला पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे असे आदेश नेहमीच निघतात. संचारबंदी म्हणजे मात्र घराबाहेरच पडायचं नाही, ती कोणत्या हद्दीत आणि किती वाजेपर्यंत आहे ते कलेक्टर नसता पोलीस आयुक्तांच्या आदेशात लिहिलेलं असतं, तेवढ्या दोन ओळी वाचा. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून ते १६३ झालं, आणि १६३ खाली दोन्ही प्रकारचे आदेश निघू शकतात, म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ किती वेळा फॉरवर्ड झालाय ते बघा, दरवेळी २०१८ चा नसता २०२३ चा जुना व्हिडिओ नव्यानं फिरतो.

नेट बंद झालं की फोनपे, गूगल पे सगळं ठप्प, रिक्षावाल्यापासून मेडिकलपर्यंत, म्हणून दोन दिवसांच्या जेवणाराहण्याचे रोख पैसे जवळ पाहिजेतच. कॉल सहसा चालू राहतात, आणि बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# डायल केलं तर नेट नसतानाही पैसे पाठवता येतात, पण ते निघायच्या आधी घरी एकदा करून बघा. तिकीट फोनमध्ये असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि जाण्यापेक्षा परत येण्याचा विचार आधी करा. सकाळी जाणं जमतं, संध्याकाळी बंदची घोषणा होते आणि माणूस तिथंच अडकतो. म्हणून त्याच दिवशी परत यायच्या हिशोबानं जाऊ नका, मुक्काम धरूनच निघा. लॉज घेताना घाटीचं काम असेल तरी शहागंज, गुलमंडीकडं स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, रेल्वेवाल्यांनी स्टेशन रोडला घ्यावा आणि बाकीच्यांनी सिडकोत. कोणी पाहुणा असेल तर त्याच्याकडंच उतरा, फक्त त्याचं घर कोणत्या भागात आहे ते निघायच्या आधी विचारा.