'ड्रॅगन एज' टेबलावर: सहा-सात महिने खेळल्यानंतर

घाई असेल तर निकाल आधीच ऐका: 'ड्रॅगन एज'चं टेबलावर खेळायचं नियमपुस्तक घ्या. या प्रकारात एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन काय करायचं ते बोलून सांगतात आणि निकाल फासे लावतात. पण कॉम्प्युटरवरचा 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' जसाच्या तसा टेबलावर खेळायला मिळेल म्हणून घेणार असाल, तर पैसे वाचवा आणि तोच गेम पुन्हा एकदा खेळा. हे पुस्तक चांगलं आहे ते गेममधलं बरंच काही बेधडक टाकून दिलंय म्हणून. आमच्या टेबलावर जेव्हा जेव्हा मजा आली, ती टाकलेल्या गोष्टींच्या जागी आली.

थोडी पार्श्वभूमी. बायोवेअर या कंपनीचा मूळ कॉम्प्युटर गेम 2009 चा. ग्रीन रोनिन या प्रकाशकाने 2010 मध्ये त्याचा टेबलटॉप अवतार काढला, तो पेटीत: दोन पुस्तिका, गेममधल्या फेरेल्डन राज्याचा नकाशा, तीन फासे आणि पाचव्या लेव्हलपर्यंतचे नियम. पुढच्या पेट्यांनी ते विसाव्या लेव्हलपर्यंत नेले आणि 2015 मध्ये सगळं एका जाडजूड पुस्तकात आलं. आम्ही वापरतो ते हे पुस्तक. गंमत म्हणजे बायोवेअरचं नाव झालं ते 1998 च्या 'बाल्डर्स गेट'मुळे, आणि तो उभा होता डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावरच्या जुन्या खेळाच्या नियमांवर. म्हणजे टेबलावरून कॉम्प्युटरच्या घरी गेलेली लेक माहेरपणाला आली म्हणायचं.

खेळतो माझ्या घरी, ऐरोलीला. दोघं ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येतात, आतेभाऊ आणि वहिनी घणसोलीहून. गेम चालवते मी. दर रविवारचं ठरलंय, पण गणपती आणि दिवाळीत सलग खाडे पडले, तेही सांगायला हवं. मूळ गेम ठाण्याच्या दोघांनीच खेळलाय. वहिनीने आयुष्यात कॉम्प्युटर गेम खेळलेला नाही, आणि सगळ्यात भारी खेळते तीच.

फाशांचा खर्च जवळपास शून्य. आठ, बारा, वीस बाजूंचे फासे मागवत बसावं लागत नाही. साधे लुडोचे तीन पुरतात. ठाण्यात जांभळी नाक्याला पाकिटाने मिळतात. तिघांपैकी एक वेगळ्या रंगाचा हवा, तो ड्रॅगन डाय. तिन्हींची बेरीज, त्यात तुमची क्षमता. हल्ला लागला आणि तीनपैकी कुठल्याही दोन फाशांवर सारखे आकडे आले, की ड्रॅगन डायवर जितके ठिपके तितके स्टंट पॉइंट, म्हणजे जादा करामती विकत घ्यायचे गुण, तेही तिथल्या तिथे खर्चायचे. तीन फाशांत जोडी पडण्याची शक्यता 216 पैकी 96, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. त्यामुळे दर दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला टेबलावर आरडाओरडा होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा बेल वाजवलीय.

एक फेक सांगते. पडक्या बुरुजाच्या अंगणात आमचा योद्धा एका हर्लॉक नावाच्या राक्षसासमोर, रक्त (जिवाचे गुण) निम्म्याच्या खाली आलेलं. पडले चार, चार आणि ड्रॅगन डायवर पाच. पाच पॉइंट! दोनात त्याने चिलखत भेदलं, एकात हर्लॉकला दोन यार्ड मागे रेटला, उरलेल्या दोनात आडवा पाडला. मागे अंगणातली विहीर होती. विहीर मी उगाच, वर्णनाच्या भरात टाकली होती. कॉम्प्युटरवर हाच योद्धा एक बटण दाबतो, मग ते बटण पुन्हा उजळेपर्यंत थांबतो. मध्येच खेळ थांबवून चौघांना हुकूम देता येतात, साथीदारांना 'असं झालं तर तसं कर' अशी यादी आधीच भरून देता येते. टेबलावर यातलं काही नाही. बटणांच्या जागी फाशांची जोडी आणि समोरची विहीर.

मरणाचंही तसंच. 'ओरिजिन्स'मध्ये पडलेला साथीदार लढाई जिंकली की एखादी जखम घेऊन उठतो. इथे रक्त शून्यावर आलं, की दोन अधिक तुमची काठिण्यक्षमता (शरीराच्या काटकपणाचा आकडा), तितक्याच फेऱ्या हातात. आमच्या जादूगाराला तीन फेऱ्या मिळाल्या होत्या. तेवढ्यात कुणी धावलं नाही तर नवं पात्र लिहायचं. आधी साठवलेल्या खेळावर (सेव्हवर) परत जाण्याची सोय नाही म्हटल्यावर ठाण्याची जोडगोळी दारं उघडताना एकदम सभ्य झाली.

आता जिथे खरं रूपांतर करावं लागतं तो भाग. (मूळ गेममधल्या रेडक्लिफ किल्ल्याच्या प्रसंगाचा उलगडा पुढे आहे, गेम खेळायचा असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) किल्ल्यातल्या सरदाराच्या लहान मुलात, कॉनरमध्ये, सैतान शिरलाय, आणि तोही मुलाने आजारी बापाला वाचवण्यासाठी सौदा केला म्हणून. गेममधले मार्ग ठरलेले: मुलाला मारा, आईचा बळी देऊन रक्तजादू करा, किंवा जादूगारांच्या मनोऱ्यातून मदत आणा. तिसरा मार्ग घेतला तर मनोऱ्याला जा, तिथली भलीमोठी लढाई उरका, परत या. किल्ल्यात सगळं जिथल्या तिथे. कॉम्प्युटरवर ते खपतं. टेबलावर पहिल्याच मिनिटाला आतेभावाने विचारलं, "आपण नसताना मुलगा काय करेल?" उत्तर मला द्यायचं होतं. मी वहीत दिवस मोजायला लागले. दर रात्री किल्ल्यातले किती लोक मरतील ते लिहून ठेवलं, आणि प्रवास लांबला तर काय होईल तेही.

ते मनोऱ्याला गेलेच नाहीत. वहिनी म्हणाली, "मी दाराबाहेर बसते आणि त्याच्याशी बोलते." तलवार नाही, मंत्र नाही. ठाण्याची जोडगोळी माझ्याकडे बघायला लागली, कारण असा पर्याय स्क्रीनवर कधी आलाच नव्हता. इथे पुस्तकातली एक युक्ती कामी आली: मोठं काम एका फेकीत संपवायचं नाही. यशस्वी फेकींमधल्या ड्रॅगन डायचे ठिपके साठवत न्यायचे आणि ठरलेला आकडा गाठायचा. मी आकडा पंधरा ठेवला, प्रत्येक फेकीला एक तास, आणि तासागणिक सैतान जोर करणार. पहिल्या दोन फेकी जेमतेम लागल्या, एक ठिपका आणि दोन ठिपके. वहिनी बापाबद्दल बोलत राहिली: तो शुद्धीवर आला की आधी तुलाच विचारेल, तेव्हा तू असायला हवास. तिसरी चुकली, आतून भांडी फुटली. बाकीचे तिघं जिन्यावर उठून चाललेल्या प्रेतांना थोपवत होते. आकडा गाठला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि ठाणेकरांना लोकलची आठवण करून द्यावी लागली. मुलगा वाचला, जिना राखणारे दोन शिपाई गेले. गेममध्ये हा शेवट नाही.

म्हणून माझा सल्ला: गेमची कथा उचला, पण प्रसंगाचे पर्याय उचलू नका. कुणाला काय हवंय आणि कोण किती वाट बघेल एवढंच लिहून ठेवा.

आता कुरकूर. लेव्हल चढते तसं रक्त चढत जातं आणि शस्त्रांचा मार त्या मानाने तिथेच राहतो. पहिल्या लेव्हललाच योद्धा तीस अधिक काठिण्य अधिक एक फासा इतकं रक्त घेऊन येतो, आणि चिलखत प्रत्येक घावातून वजाबाकी करतं. सहाव्या-सातव्या लेव्हलला साधी चकमकसुद्धा तासभर चालायला लागली. मी शत्रूंचं रक्त एक तृतीयांश कापलं, मार थोडा वाढवला. आता ठीक चालतंय. दुसरं, स्टंटची यादी लांब. पॉइंट मिळाले की नवखा खेळाडू कागदात डोकं घालतो आणि सगळे चहा ओततात. प्रत्येकाला त्याच्या कामाचे पाच-सहाच स्टंट लिहून, लॅमिनेट करून दिले तेव्हा वेग आला. क्षमता फाशांवर ठरतात, त्यातही नशिबाचा खेळ फार आहे. पुस्तकात दोन आकड्यांची अदलाबदल करायची मुभा आहे, ती जरूर घ्या.

पात्रांचे तीनच वर्ग आहेत, योद्धा, 'रोग' (इंग्रजी rogue, चपळ लबाड) आणि जादूगार. जुन्या डी अँड डीवाल्यांना अपुरे वाटतील. आम्हाला पुरले.

याच जातीतली, कॉम्प्युटर गेमवरून निघालेली इतर पुस्तकंही चाळली. 'विचर'चं टेबल रूप (2018) जखमांच्या बाबतीत फार बारकाईचं; घाव डोक्याला की पायाला इथपर्यंत. हिशेबाची आवड असेल तर छान, माझ्या गटाला झेपलं नसतं. 2022 मधल्या 'डार्क सोल्स'मध्ये मेलेलं पात्र शेकोटीपाशी परत उठतं, आणि तिथे ते शोभतं, कारण मूळ गेमची गोष्टच मरण्या-उठण्याची.

पहिल्यांदा चालवणार असाल तर पाचव्या लेव्हलपर्यंतच खेळा, चार खेळाडूंच्या वर घेऊ नका, आणि मूळ गेम न खेळलेलं किमान एक माणूस टेबलावर हवंच.