पाचपैकी चार तारे, एक कापला

वसईतलं आमचं धर्मग्राम, म्हणजे आमच्या चर्चची पॅरिश. नाव देत नाही, कारण एक तक्रारही आहे.

आधी चांगलं. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर स्कूटरवरून कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेऊन यायचे. आजाऱ्यांकडे सगळेच फादर जातात, त्यात नवल नाही. पण हे प्रार्थना झाली की खाटेच्या कडेवर बसायचे. "काका, यंदा केळी कशी आहेत? विहिरीचं पाणी खारं झालं का?" बाबांना धाप लागायची, एकेका वाक्याला वेळ जायचा. फादरांनी घड्याळाकडे बघितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी बाबा पेजेची वाटी संपवायचे, एरवी अर्धी उरायची.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला ५२९ वा नियम प्रमुख धर्मगुरूंना हेच सांगतो: कुटुंबांना भेटा, मरणाच्या दारातल्यांना जपा. आमच्या फादरांना तो पाठ असेल-नसेल, वागणं तसंच होतं.

आता तक्रार. शेवटच्या रात्री अडीच वाजता चर्चच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. फादरांचा मोबाइल नंबर आमच्याकडे नव्हता (आम्हीही कधी मागितला नव्हता म्हणा). भाऊ भर पावसात जाऊन दार ठोठावून आला. फादर तसेच त्याच्या बाइकवर मागे बसून आले, आजाऱ्यांना लावतात ते पवित्र तेल लावलं. बाबा पहाटे गेले.

नोटीस बोर्डावर रात्रीचा नंबर लावा, एवढंच सांगितलंय. तीन महिने झाले. बोर्डावर अजून हाऊजीच्या खेळाचाच कागद आहे.